फर्म बदलताना आधी काय, नंतर काय: कॉर्पोरेट आणि कर वकिलांसाठी

एका लॉ फर्ममधून दुसरीत जाताना बहुतेकांचं लक्ष दोनच आकड्यांवर असतं: नवा मोबदला आणि नोटीस पिरियडचे दिवस. गडबड होते ती क्रमात. आधी जवळच्या अशिलांच्या कानावर घातलं जातं, मग राजीनामा दिला जातो, आणि रुजू झाल्यावर लक्षात येतं की त्याच सौद्यातली समोरची बाजू नव्या फर्मकडे आहे. कराचं काम करणाऱ्याच्या बाबतीत अपिलाची मुदत दोन फर्मांच्या मधल्या काळात निघून जाते, कारण दोन्हीकडच्यांना वाटतं की दुसरा बघतोय.

हा लेख मुंबई-पुण्यात कंपन्यांचे सौदे आणि त्यासोबत आयकर-जीएसटी असं मिश्र काम करणाऱ्या वकिलासाठी आहे, मग तो असोसिएट असो की भागीदार. आयकराची कलमं १९६१च्या अधिनियमातली दिली आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा अधिनियम लागू आहे, पण त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे जुने क्रमांक अजून बरीच वर्षं लागणार. नव्या वर्षांसाठी क्रमांक ताडून घ्या.

## १. आधी स्वतःचे कागद वाचा

नव्या फर्मशी बोलणी पुढे जाण्याआधी आपलं सध्याच्या फर्मशी नातं कागदावर काय आहे ते काढा. याची तीन रूपं असतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

पहिलं, रिटेनर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करू देत नाही. म्हणून बहुतेक असोसिएटना व्यावसायिक फी मिळते आणि त्यावर कलम १९४जेखाली १० टक्के टीडीएस कापला जातो. इथे सगळं करारावर चालतं. नोटीस किती, वर्षअखेरचा बोनस कोणत्या तारखेला हजर असणाऱ्याला मिळतो, रुजू होताना दिलेली रक्कम किती काळात सोडल्यास परत करायची, हे त्यातच लिहिलेलं असतं.

दुसरं, भागीदारी फर्मचा भागीदार. इथे भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ आणि भागीदारीपत्र लागू. कलम ३२नुसार निवृत्ती तीन प्रकारे होते: सर्वांच्या संमतीने, करारातल्या तरतुदीने, किंवा मर्जीवरच्या भागीदारीत सर्व भागीदारांना लेखी नोटीस देऊन.

तिसरं, एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी. करारात काही नसेल तर २००८च्या एलएलपी अधिनियमाचं कलम २४ किमान ३० दिवसांची लेखी नोटीस मागतं.

आता स्पर्धाबंदीच्या कलमाबद्दल. ‘करार अधिनियमाचं कलम २७ आहे, काही होत नाही’ हा सल्ला कॉरिडॉरमध्ये फुकट मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. रिटेनरला काम सोडल्यानंतर धंदा करायला बंदी घालणारं कलम सहसा टिकत नाही. पण भागीदाराला भागीदारी अधिनियमाचं कलम ३६(२) लागू होतं, आणि ते ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक हद्दीत वाजवी बंधन घालू देतं. शिवाय गोपनीयतेचं बंधन आणि फर्मचे सहकारी फोडू नयेत हे बंधन यांची गणना स्पर्धाबंदीत होत नाही. तुम्ही चारजणांची टीम घेऊन निघणार असाल, तर वाद बहुधा याच कलमावरून होईल.

तपासा: भांडवल खात्याची शिल्लक, न काढलेली बिलं आणि वसूल न झालेली बिलं यांत तुमचा वाटा कसा मोजायचा, हे करारात लिहिलं आहे का? नसेल तर राजीनाम्याआधी जुनी वार्षिक पत्रकं चाळून प्रथा काय आहे ते समजून घ्या.

## २. कॉन्फ्लिक्ट चेक: सहीच्या आधी

कॉन्फ्लिक्ट चेक म्हणजे तुमची जुनी कामं आणि नव्या फर्मचे अशील यांच्यात हितसंबंधांचा संघर्ष आहे का हे तपासणं. सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. व्यवहारात सगळ्यात कमी वेळ यालाच दिला जातो.

नवी फर्म एक फॉर्म पाठवते: अशिलाचं नाव, समूहातल्या कंपन्या, समोरची बाजू, कामाचा प्रकार, सुरू आहे की संपलं. कंपन्यांचं काम करणारा तो भरतो तेव्हा ‘समोरची बाजू’ या रकान्यात खरेदीदार, विक्रेता, बँक अशी नावं येतात. करवकील भरतो तेव्हा वरपासून खालपर्यंत एकच नाव येतं: आयकर विभाग, नाहीतर जीएसटी आयुक्तालय. तपासणाऱ्याला वाटतं, संघर्ष नाही. करवकिलाचा संघर्ष या रकान्यात दिसतच नाही, म्हणून खालचे प्रश्न फॉर्ममध्ये नसले तरी स्वतःहून सोडवा.

(अ) खरेदीदारासाठी कराची ड्यू डिलिजन्स (सौद्याआधीची कंपनीची सखोल तपासणी) केली होती का? शेअर खरेदी करारातली करविषयक नुकसानभरपाईची हमी इतर हमींपेक्षा सहसा लांब चालते. सौदा पूर्ण होऊन तीन-चार वर्षांनी कंपनीला नोटीस येते, खरेदीदार विक्रेत्याकडे भरपाई मागतो, आणि विक्रेत्याचे वकील तुमची नवी फर्म असते. ‘संपलेलं काम’ म्हणून ही नोंद यादीतून गाळली जाते. असा संघर्ष सगळ्यात जास्त वेळा यातूनच उभा राहतो.

(आ) अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना कलम १९५खाली कर कापायचा का, यावर मत दिलं होतं का? पैसे देणाऱ्याला कापून मोकळं व्हायचं असतं, घेणाऱ्याला दोन देशांतल्या करकराराप्रमाणे शून्य हवं असतं. दोघंही विभागाविरुद्ध आहेत असं दिसतं, प्रत्यक्षात एकमेकांविरुद्ध असतात.

(इ) संयुक्त उपक्रमातल्या कंपनीचं काम केलं आणि नव्या फर्मकडे त्यातला एक भागधारक आहे का?

(ई) एकाच मुद्द्यावर उलटी भूमिका. नवी फर्म उच्च न्यायालयात जो अर्थ मांडते आहे, त्याच्या नेमकं विरुद्ध मत तुमच्या सहीने एखाद्या अशिलाकडे आहे का? कागदोपत्री हा पक्षकारांचा संघर्ष नाही, पण दोन्ही अशील अस्वस्थ होतात आणि भागीदारांना आधी माहीत हवं.

(उ) करविभागाच्या वकिलांच्या पॅनेलवर होता किंवा आहात का? असाल तर नेमणुकीच्या अटी नव्या फर्मला दाखवा आणि पॅनेलचा राजीनामा कधी द्यायचा ते ठरवा.

बार कौन्सिलचा नियम ३३ स्पष्ट आहे. एखाद्या प्रकरणात ज्या पक्षाला सल्ला दिला, ज्याची कागदपत्रं तयार केली किंवा ज्याच्या वतीने उभे राहिलात, त्याच्या विरुद्ध पक्षासाठी त्यात उभं राहता येत नाही. अशिलाची संमती घेतली की चालतं अशी सोय त्या नियमात लिहिलेली नाही. नव्या फर्ममध्ये ‘आपण भिंत घालू’, म्हणजे तुम्हाला त्या कामापासून आणि त्याच्या कागदांपासून वेगळं ठेवू, असं ऐकायला मिळेल. तशी भिंत घालून सहकारी काम करू शकतील का, यावर चर्चा होऊ शकते. तुम्ही स्वतः ते काम करू शकत नाही, यावर नाही.

आता यादी द्यायची कशी? इथे गोपनीयता आडवी येते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ची कलमं १३२ ते १३४ वकील-अशील संवादाला संरक्षण देतात, आणि अशील कोण व काम काय हे सांगणंसुद्धा कधीकधी त्याचा भंग ठरतो. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त जे सार्वजनिक आहे ते: न्यायालयाच्या आदेशांत नाव आहे, शेअर बाजाराला कळवलं आहे, वर्तमानपत्रात आलं आहे. दुसरी फेरी बोलणी पक्की झाल्यावर, तीही नव्या फर्मच्या एकाच ठरावीक व्यक्तीशी, जी कोणत्याही सौद्यात नाही.

सावधान: जाहीर न झालेल्या सौद्याचं नाव कोणत्याही फेरीत देऊ नका. शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनी असेल तर ते नाव म्हणजेच अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती, म्हणजे शेअरचा भाव हलवू शकणारी अजाहीर माहिती. अशा कामासाठी ‘औषध क्षेत्र, खरेदीदार बाजू, सुरू’ एवढंच लिहा. सौदा जाहीर झाल्यावर नोंद पूर्ण करा.

तपासा: चेक पूर्ण झाल्याचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय ऑफर लेटरवर सही नाही. ‘बघितलंय, काही नाही’ हे फोनवरचं उत्तर धरू नका.

## ३. नव्या फर्मशी काय लिहून घ्यायचं

मोबदला सगळेच लिहून घेतात. राहून जातं ते हे:

विमा. व्यावसायिक जबाबदारीचा विमा दावा आला त्या तारखेच्या पॉलिसीवर चालतो, चूक झाली त्या तारखेच्या नव्हे. तीन वर्षांपूर्वी दिलेल्या मतावर आज दावा आला तर जुनी फर्म तुम्हाला तिच्या पॉलिसीत माजी सदस्य म्हणून धरते का, आणि नवी पॉलिसी मागील तारखेपासून संरक्षण देते का, हे दोन्हीकडे लेखी विचारा. दोघांनीही नाही म्हटलं तर मधला काळ उघडा आहे, आणि त्याच्या वाढीव संरक्षणाचा हप्ता कोण भरणार हे वाटाघाटीत आणा.

कामाचं श्रेय. सोबत येणाऱ्या अशिलाचं बिल कोणाच्या नावे, कंपनी विभागाने आणलेल्या सौद्यातल्या कराच्या तासांचं श्रेय कोणाला, हे आकड्यांत लिहा. मिश्र काम करणाऱ्याचे वाद इथेच होतात, कारण दोन विभागप्रमुख एकाच बिलाकडे बघत असतात.

फीची पद्धत. नवी फर्म कराच्या वादात ‘वाचलेल्या रकमेचा टक्का’ घेण्याबद्दल बोलत असेल तर थांबा. निकालावर अवलंबून फी ठरवायला नियम २० मनाई करतो.

भागीदार म्हणून जाणार असाल तर फर्म नोंदणीकृत आहे का ते पाहा (नसेल तर भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९मुळे येणी वसूल करायला दावा लावता येत नाही), मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागा, आणि फर्मवर थकीत कराच्या मागण्या आहेत का ते विचारा. आयकराचं कलम १८८ए फर्मच्या करासाठी त्या वर्षातल्या प्रत्येक भागीदाराला एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदार धरतं. जुन्या फर्मबाबतही हेच लागू, म्हणून निवृत्तीपत्रात आधीच्या वर्षांच्या मागण्यांबद्दल वाक्य हवंच.

## ४. राजीनामा: छोटा, लेखी, तारखेसह

तीन ओळी पुरतात: राजीनामा देत आहे, करारातलं अमुक कलम, शेवटचा दिवस अमुक. कारणं नकोत, तक्रारी तर नकोतच. ईमेल करा आणि पोच घ्या, कारण नोटीसचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

शेवटचा दिवस निवडताना कॅलेंडर पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करलेखापरीक्षण आणि विवरणपत्रांच्या तारखा असतात, मार्चमध्ये कालबाह्य होणारी करनिर्धारणं आणि सौद्यांच्या समाप्त्या. या महिन्यांत शेवटचा दिवस आला तर हस्तांतर अर्धवट राहणार हे धरून चाला.

सावधान: राजीनामा देईपर्यंत कोणत्याही अशिलाला ‘मी चाललो, तुम्ही येणार ना?’ असं विचारू नका. फर्ममध्ये असताना फर्मचा अशील वळवणं हा भागीदाराच्या बाबतीत परस्पर विश्वासाचा भंग आहे, आणि रिटेनरच्या बाबतीत कराराचा.

## ५. मुदत-पत्रक

राजीनामा दिल्यानंतर पहिल्याच आठवड्यात आपल्याकडच्या प्रत्येक प्रकरणाची एक ओळ असलेलं पत्रक बनवा. रकाने असे: प्रकरण, आदेश मिळाल्याची तारीख, ती सिद्ध करणारा पुरावा, शेवटची तारीख, मसुदा कुणाकडे, चलन भरलं का, सही कोण करणार. ‘आदेशाची तारीख’ आणि ‘आदेश मिळाल्याची तारीख’ यांची सरमिसळ करू नका. दुसरीचा पुरावा म्हणजे पोर्टलवरची नोंद किंवा ईमेल, आणि तो जुन्या फर्मच्या मेलबॉक्समध्येच राहतो.

नेहमी चुकणाऱ्या मुदती:

- आयकर आयुक्त (अपील) यांच्याकडचं अपील: ३० दिवस.
- विवाद निवारण मंडळाकडे मसुदा आदेशावर हरकती: ३० दिवस. चुकलं तर अधिकारी मसुद्याप्रमाणेच अंतिम आदेश काढतो.
- आयकर अपील न्यायाधिकरण: १ ऑक्टोबर २०२४पासून, आदेश कळवला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने. जुना ६० दिवसांचा हिशोब अजूनही अनेकांच्या पत्रकांत दिसतो. त्याने अपील लवकर भरलं जातं, नुकसान होत नाही, पण प्राधान्यक्रम चुकतो.
- उच्च न्यायालय, कलम २६०ए: आदेश मिळाल्यापासून १२० दिवस.
- जीएसटीचं पहिलं अपील, कलम १०७: तीन महिने, आणि फार तर एक महिना माफीचा. त्यापुढे अपील अधिकाऱ्याला उशीर माफ करण्याचा अधिकारच नाही, म्हणून जीएसटीच्या ओळी लाल रंगात लिहा.
- दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलएटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण) अपील: ३० दिवस, वर फार तर १५.

कंपनीच्या कामात ‘मुदत’ न्यायालयाची नसते म्हणून ती यादीत येत नाही. तीही घाला: परदेशी गुंतवणुकीत शेअर दिल्यावर ३० दिवसांत एफसी-जीपीआर, शेअर हस्तांतरित झाल्यावर ६० दिवसांत एफसी-टीआरएस (दोन्ही रिझर्व्ह बँकेला कळवायचे फॉर्म), भरपाईचा दावा कळवायची शेवटची तारीख, एस्क्रो (तिसऱ्याकडे राखून ठेवलेली रक्कम) मोकळा होण्याची तारीख, सौदा आपोआप रद्द होण्याची तारीख. सौद्याची समाप्ती झाली की फाइल बंद झाली असं मानण्याची सवय वाईट. यातल्या बहुतेक तारखा समाप्तीनंतरच्या असतात.

मग एक कठोर रेघ ओढा: शेवटच्या दिवसानंतरच्या ४५ दिवसांत ज्याची मुदत येते, ते सगळं जाण्याआधी दाखल करा. ते शक्य नसेल तर त्या ओळीसमोर जुन्या फर्ममधल्या एका व्यक्तीचं नाव आणि तिची लेखी पोच हवी. ‘टीम बघेल’ हे नाव नव्हे. उशीर माफीच्या अर्जात ‘आमचे वकील फर्म बदलत होते’ हे कारण वाचून न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते न बघितलेलं बरं.

प्रत्येक चालू प्रकरणासोबत एक पानाची टिपणी ठेवा: मुद्दे काय, पुढची तारीख, अशिलाला तोंडी काय सांगितलं आहे, कोणता कागद यायचा बाकी, आणि कोणता युक्तिवाद मुद्दाम सोडून दिला आहे व का. शेवटची बाब फाइलमध्ये कुठेच सापडत नाही, आणि नवा माणूस नेमका तोच युक्तिवाद करतो.

## ६. अशिलांना कळवणं

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे दोघांच्या सहीचं एकच पत्र: जुनी फर्म आणि तुम्ही. त्यात चारच गोष्टी हव्यात. तुम्ही अमुक तारखेला फर्म सोडता आहात. प्रकरणांची सद्यस्थिती आणि पुढची तारीख. अशिलासमोरचे पर्याय, म्हणजे जुन्या फर्मकडे राहणं, तुमच्याबरोबर येणं किंवा तिसऱ्याकडे जाणं. आणि उत्तराची तारीख. नव्या फर्मचं कौतुक, दरांची तुलना, ‘आमचा अनुभव’ यातलं काही नको.

जुनी फर्म संयुक्त पत्राला नाही म्हणाली तर नोटीस पिरियड संपल्यावर, फक्त ज्यांचं काम तुम्ही स्वतः पाहत होतात त्यांनाच, फक्त बदलाची माहिती देणारं पत्र पाठवा. नियम ३६ काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो. २००८च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायला परवानगी आहे. म्हणून लिंक्डइनवर ‘अमुक फर्ममध्ये रुजू झालो’ इथवर थांबा. कोणत्या अशिलांसाठी किती कोटींचे सौदे केले आणि कोणत्या अपिलात किती मागणी रद्द करवली, ही यादी टाकू नका.

सोडून देण्याच्या प्रकरणात नियम १२ विसरू नका: घेतलेलं काम पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी नोटीस दिल्याशिवाय सोडता येत नाही, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. आगाऊ घेतलेली रक्कम कोणाकडे राहणार, हा प्रश्न अशिलाने विचारण्याआधी दोन्ही फर्मांनी मिटवावा.

## ७. फाइली, ईमेल आणि डिजिटल सह्या

फाइल अशिलाची असते. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २०००च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की थकलेल्या फीसाठी वकील फाइल अडवून ठेवू शकत नाही. पण म्हणून ती तुम्ही उचलून न्यायची नसते. अशिलाने जुन्या फर्मला लेखी कळवायचं, जुन्या फर्मने यादीसह द्यायची, नव्या फर्मने यादी तपासून घ्यायची.

जुन्या फर्मचे नमुना करार, मतांचे मसुदे, ड्यू डिलिजन्सच्या चेकलिस्ट, अंतर्गत टिपणं हे न्यायचं नाही. स्वतःचे प्रकाशित लेख आणि सार्वजनिक निकाल खुशाल न्या. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या जीमेलवर पाठवलेला एक मेल, एक पेनड्राइव्ह, एक व्हॉट्सॲप बॅकअप यामुळेच बहुतेक वाद नोटिशीपर्यंत जातात, आणि सिस्टिममध्ये या सगळ्याची नोंद राहते. वैयक्तिक फोनवर फर्मचा मेल असेल तर तो काढून टाकताना फर्मच्या आयटी विभागाला कळवून काढा. स्वतः पुसलात तर पुरावा नष्ट केला असा अर्थ निघू शकतो.

सावधान: अनेक फर्मांच्या कपाटात अशिलांच्या संचालकांचे डीएससी (डिजिटल सहीचे) टोकन पडून असतात. सोडण्याआधी प्रत्येक टोकन मालकाला परत द्या आणि पोच घ्या. नव्या फर्ममध्ये पासवर्ड माहीत असलेलं टोकन घेऊन जाणं हे उगीच ओढवलेलं संकट आहे.

## ८. वकीलपत्रं आणि पोर्टल

अशील तुमच्याबरोबर येत असेल तर आधी जुन्या फर्मची ना-हरकत, मग नवं वकीलपत्र. नियम ३९नुसार आधीच वकील असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीशिवाय हजर राहता येत नाही. संमती मिळत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दिवाणी कामात जुनं वकीलपत्र आपोआप संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने ते लेखी संपवावं लागतं.

पुढचा भाग करवकिलांनी दोनदा वाचावा. आता करनिर्धारण आणि पहिली अपिलं चेहराविरहित पद्धतीने चालतात, म्हणजे नोटीस ईमेलवर आणि पोर्टलवर येते. कंपनीच्या ई-फायलिंग प्रोफाइलमध्ये दुय्यम ईमेल म्हणून जुन्या फर्मचा पत्ता असतो, कधी तर मुख्य ईमेलच तो असतो. वकीलपत्र बदललं, पत्ता तसाच राहिला, आणि सुनावणीची नोटीस तुम्ही सोडलेल्या मेलबॉक्समध्ये पडली, तर एकतर्फी आदेश येतो.

क्रमाने हे करा:

१. आयकर पोर्टलवर कंपनीचा मुख्य आणि दुय्यम ईमेल व मोबाइल पाहा, बदला.
२. प्रत्येक चालू कार्यवाहीत जुना अधिकृत प्रतिनिधी काढून नवा जोडा. हे प्रोफाइलवरून आपोआप होत नाही, कार्यवाहीनिहाय करावं लागतं.
३. प्रलंबित फॉर्म ३५मध्ये (आयुक्तांकडच्या अपिलाचा फॉर्म) दिलेला ईमेल कोणाचा आहे ते पाहा.
४. न्यायाधिकरणातल्या अपिलात पत्ता बदलला असेल तर सुधारित फॉर्म ३६ आणि नवं अधिकारपत्र दाखल करा.
५. जीएसटी पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा ईमेल आणि मोबाइल तपासा. परताव्याचे किंवा नोंदणी रद्द करण्याचे आदेश तिथेच येतात.

तपासा: बदलल्यावर अशिलाला त्याच्या लॉगिनमधला स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. ‘केलंय’ या शब्दावर फाइल बंद करू नका.

## ९. रुजू होण्याचा आठवडा

इनसायडर ट्रेडिंगचं (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) काम पहिल्याच दिवशी. सेबीच्या २०१५च्या नियमांत ‘संबंधित व्यक्ती’ची व्याख्या मागच्या सहा महिन्यांतल्या संबंधालाही धरते. शिवाय माहिती तुमच्या डोक्यात असेल तोवर तुम्ही इनसायडरच आहात, फर्म कोणतीही असो. म्हणून मागच्या फर्ममध्ये शेअर बाजारातल्या ज्या कंपन्यांच्या अजाहीर सौद्यांत होता, त्यांच्या शेअरचे व्यवहार थांबवा. नव्या फर्मच्या आचारसंहितेप्रमाणे स्वतःचा आणि जवळच्या नातेवाइकांचा तपशील द्या. अजाहीर माहिती कोणाकडे आहे याची जी डिजिटल नोंदवही नवी फर्म ठेवते, तिच्यात तुमचं नाव आणि पॅन योग्य सौद्याखाली चढलं आहे ना ते पाहा.

राज्य बदलून आला असाल तर वकिली करायला नोंदणी हलवावीच लागते असं नाही. पण कायमचं बस्तान बसवायचं असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १८खाली नाव महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या पटावर हलवण्याचा अर्ज करा. त्याला शुल्क नाही, वेळ मात्र लागतो. व्यवसायकराची नोंदणी नसेल तर ती करा: महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत, आणि फर्मचा प्रत्येक भागीदार वेगळा धरला जातो.

## १०. जुन्या फर्ममधून नाव काढणं आणि स्वतःचा कर

भागीदार असाल तर निवृत्तीपत्रावर सही झाली म्हणजे सुटलात असं नाही. भागीदारी अधिनियमाच्या कलम ३२(३)नुसार जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत तिसऱ्या पक्षांपुढे तुमची जबाबदारी चालू राहते. नोंदणीकृत फर्मसाठी ती नोटीस म्हणजे कलम ७२प्रमाणे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. या तिन्ही गोष्टी लागतात. मराठी दैनिकातली जाहिरात बहुतेकजण देतात, राजपत्र विसरतात. एलएलपीत भागीदार बदलल्याची सूचना देणारा ‘फॉर्म ४’ तीस दिवसांत जातो. फर्म तो भरणार नाही असं मानायला कारण असेल तर सोडणारा भागीदार स्वतः रजिस्ट्रारकडे सूचना दाखल करू शकतो.

निवृत्तीच्या वेळी भांडवल खात्यापेक्षा जास्त रक्कम किंवा मालमत्ता मिळत असेल तर आयकराची कलमं ४५(४) आणि ९बी लागतात का ते पाहा. तो कर फर्मवर येतो, म्हणून फर्म तो तुमच्या रकमेतून कापायचा प्रयत्न करते. निवृत्तीपत्रात हे आधीच ठरवा.

नव्या फर्मच्या बाजूने एक चूक वारंवार होते. भागीदाराचा मोबदला फर्मला वजावट म्हणून मिळायला तो भागीदारीपत्रात मंजूर हवा, आणि कलम ४०(बी) पत्राच्या तारखेआधीच्या काळाचा मोबदला मानत नाही. तुम्ही १ जुलैला रुजू झालात, सुधारित भागीदारीपत्र २० सप्टेंबरला झालं, तर मधल्या अडीच महिन्यांहून जास्त काळाच्या मोबदल्याची वजावट जाते. पत्र रुजू होण्याच्या दिवशीच करा. मर्यादा अशी: पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ३ लाख रुपये किंवा ९० टक्के, यांतलं जास्त, उरलेल्यावर ६० टक्के. भांडवलावरचं व्याज १२ टक्क्यांपर्यंत.

या मोबदल्यावर आणि व्याजावर १ एप्रिल २०२५पासून कलम १९४टीखाली १० टक्के टीडीएस आहे, वर्षाची एकूण रक्कम २०,००० रुपयांच्या वर गेली की. नफ्यातला वाटा मात्र कलम १०(२ए)खाली करमुक्त. रिटेनर असताना कलम ४४एडीएखाली फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवत असाल, तर भागीदार झाल्यावरच्या मोबदल्याला ती सोय गृहीत धरू नका. वर्षाच्या मध्ये बदल झाला असेल तर आगाऊ कराचा हिशोब १५ सप्टेंबर किंवा १५ डिसेंबरच्या हप्त्याआधी पुन्हा करा. जुन्या फर्मने शेवटच्या बिलावर कापलेला टीडीएस फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचं पत्रक) दिसतो का ते त्या तिमाहीचं विवरण भरल्यावर बघा. दिसत नसेल तर लगेच लेखी कळवा, कारण जुन्या लेखापालाला तुमचं नाव आठवेनासं व्हायला फार दिवस लागत नाहीत.